‘आजच्यापुरती न्हाई’ म्हणणारी आक्का

फोन आला तेव्हा मी कुरकुंभच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टच्या मध्यावर, एका बिघडलेल्या पंपापाशी उभा होतो. आमच्याकडे आत मोबाईल नेता येत नाही. बाहेरून कुणाचा निरोप आला की गेटवरचा सिक्युरिटीवाला माइकवर नाव पुकारतो. त्या दिवशी तो स्वतः चालत आला, आणि तो चालत येतोय हे बघूनच मला कळलं. गेटवर जाऊन फोन लावला तर पलीकडे माझी भाची, पूजा. ती रडत नव्हती. म्हणाली, “मामा, आई गेली. तुम्ही सावकाश या. गाडी जोरात आणू नका, आई रागवंल...” आपण काय बोलून गेलो ते तिला मग समजलं असावं. तिनं फोन ठेवून दिला.

कुरकुंभ, पाटस, चौफुला, न्हावरा... या रस्त्यानं आक्काकडे किती वेळा गेलो असेन त्याला हिशेब नाही. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही. तसं पाहिलं तर आम्हाला सगळं माहीत होतं. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, पुण्याच्या फेऱ्या झाल्या, शेवटी डॉक्टरांनी मला आणि दाजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलंही होतं. तरी आक्का जाईल हे मी मनात कधी धरलंच नव्हतं. एका दारातून तिला नाही म्हटलं की ती दुसऱ्या दारातून आत यायची, हे मी लहानपणापासून पाहत आलो. डॉक्टरांच्या बाबतीतही तसंच होईल असं वाटत राहिलं.

आक्काचं नाव सुमन. माझी मोठी बहीण. आमचं गाव पाटसच्या अलीकडचं. वडील साखर कारखान्यात हंगामाचे कामगार. गाळप सुरू असलं की घरात गोडधोड, बंद झालं की दुसऱ्याच्या मळ्यात भाजी तोडायला जायचं. दहावीला आक्काला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क होते. पण ती दहावीवरच थांबली, तिचं लग्न झालं, आणि ती शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीजवळच्या गावात नांदायला गेली. दाजींची थोडी बागायत होती, कांदा आणि शेवंती करायचे. पुढं मी बारावीत गणितात आपटलो. वडील म्हणाले, “आक्काकडं जा. तिथं कंपन्या हायेत.” मी पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिलो तर ती म्हणाली, “बरं झालं आलास. मीबी जाणारच हाय कामाला. पूजा आता शाळंत जाती. दोघं संगटच जाऊ.”

असे आम्ही बहीणभाऊ एकाच सकाळी एकाच गेटवर उभे राहिलो. प्लास्टिकचे डबे आणि झाकणं बनवणारी ती कंपनी. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं दोघांना एकाच रंगाची कार्डं दिली, दिवसाची हजेरी दोघांना एकच सांगितली, आणि दोघांना पॅकिंगच्या एकाच लांब टेबलावर बसवलं. मशीनमधून गरम डबे यायचे, त्यांच्या कडा ब्लेडनं साफ करायच्या, झाकणं लावायची, खोक्यात भरायचं. आक्काचा हात माझ्यापेक्षा जलद होता. माझी खोकी मागं पडली की ती गुपचूप माझ्या बाजूला हात घालायची. घरी परतताना दोघंही सारखेच दमलेले, दोघांच्या बोटांना सारख्याच चिकटपट्ट्या.

काही महिन्यांनी मशीनवरच्या ऑपरेटरनं टेबलाकडे बघून हाक मारली, “ए सुभाष, इकडं ये रे. जरा पाना धर.” मी उठून गेलो. एवढंच घडलं. कुणी परीक्षा घेतली नाही, कुणी मार्क विचारले नाहीत. त्या दिवशी पाना धरला, दुसऱ्या दिवशी साचा बदलताना उभा राहिलो, पुढच्या उन्हाळ्यात ऑपरेटर गावाला गेला तेव्हा मशीन माझ्याकडे आलं. मग मी ऑपरेटर झालो, कंपनीच्या स्वतःच्या पटावर आलो, साचे बसवणारा सेटर झालो, आणि एक दिवस शिफ्टचा इनचार्ज. दर पायरीला पगार वाढला. आक्का त्याच टेबलावर होती. दर थोड्या वर्षांनी कॉन्ट्रॅक्टर बदलायचा, नवा कॉन्ट्रॅक्टर नवं कार्ड द्यायचा, आणि त्यावर कामाला लागल्याची नवी तारीख असायची. आम्ही सगळे तिला त्या टेबलावर वर्षानुवर्षं बघत होतो. कागदावर मात्र ती दर वेळी नवीन होती. हजेरीही नव्या बाईची.

एका दिवाळीत मी तिला साडी घेऊन गेलो. मी तोवर वेगळं बिऱ्हाड केलं होतं, मोटारसायकल घेतली होती. तिनं साडी उलगडून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि मांडीवर ठेवून म्हणाली, “सुभाष, तुझा पगार वाढला त्याचं मला वाईट न्हाई वाटत. आनंदच हाय. पन माझा का वाढंना, तेवढं सांग.”

मी म्हणालो, “आक्का, मशीनवर बायका घेत न्हाईत.”

“ते कुणी ठरवलं?”

“कुणी ठरवलं असं न्हाई गं... तसंच हाय.”

“म्हंजी कुणीच ठरवलं न्हाई,” आक्का म्हणाली. “मग मोडायला सोपं हाय.”

दाजी ओसरीवर कांद्याच्या गोण्या शिवत बसले होते. ते हसले. आक्का हसली नाही.

आता मागं वळून पाहताना मला तिचा प्रश्न जास्त नीट कळतो. साहेबाचा पगार केवढा आणि मजुराचा केवढा यावर आपण चहाच्या टपरीवर तावातावानं बोलतो. ते अंतर असतंच, आणि ते खुपतंच. पण आज खालच्या पायरीवर असलेला माणूस थोड्या वर्षांनी वर सरकणार असेल, वरचा कधी खाली येणार असेल, तर त्या अंतराचा अर्थ एक असतो. माणसं तीच, जागा त्याच, आणि वर्षं उलटली तरी कुणी जागचं हलतच नसेल, तर त्याच अंतराचा अर्थ पार निराळा होतो. मग तो नुसता पगारातला फरक राहत नाही, माणसाची जातच ठरून जाते, टेबलावरची आणि मशीनवरची. आमच्या कंपनीत टेबलावरच्या सगळ्या बायकांना ‘मावशी’ म्हणत. विशीतल्या पोरीलाही मावशीच. नाव लक्षात ठेवायची गरज कुणाला वाटत नसे, कारण त्या तिथंच राहणार हे सगळ्यांनी धरून टाकलं होतं. आक्कानं ते धरलं नव्हतं.

तिनं आधी मशीनसाठी विचारून पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, साचा जड असतो, बायकांना झेपणार नाही. साचा खरं तर वरच्या क्रेननं उचलतात, हे तिनं सांगितलं. तो हसला, टेबलावरच्या बायकाही हसल्या, आणि विषय तिथंच संपला. आक्का बरोबर होती, पण बरोबर असून तिचं काहीच झालं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं माझ्यावर चिडचिड केली, पूजाला विनाकारण रागावली. तिचा स्वभाव असा तापटच होता. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डिस्पॅचच्या शेडकडे गेली आणि फोर्कलिफ्टकडे बघत उभी राहिली. खोक्यांनी भरलेली लाकडी पॅलेट लोखंडी काट्यांवर उचलून ट्रकमध्ये ठेवणारी ती छोटी गाडी. घरचा ट्रॅक्टर आक्का चांगला चालवायची. कांद्याच्या हंगामात ट्रॉली भरून मार्केटला तीच घेऊन जाई. संध्याकाळी मला म्हणाली, “त्यात उचलायचं न्हाई का ढकलायचं न्हाई. बसून चालवायचं. आता काय म्हणतील?”

शिरूरला एका ठिकाणी फोर्कलिफ्ट शिकवायचे. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. इतके दिवस आक्का त्या सुट्टीला लोकांच्या रानात कांदा काढायला जायची, तेवढीच जास्तीची मजुरी. ती सोडून ती शिकायला जाऊ लागली. सासूबाई बोलल्या. गावात चेष्टा झाली. दाजींनाही ते खूळच वाटत होतं. एकदा ते मला म्हणाले, “सुभाषराव, तुम्ही जरा समजावून सांगा. कंपनी काय हिला गाडी देणार हाय का?” मी म्हणालो, “दाजी, मला न्हाई वाटत देईल.”  ते म्हणाले, “मलाबी न्हाई वाटत. पन तिला वाटतंय ना...” आणि पुढच्या गुरुवारी तिला मोटारसायकलवरून शिरूरला सोडून आले. पुढं ते दर गुरुवारी सोडायला जात. माझ्या दाजींविषयी मला जो आदर आहे, तो त्या गुरुवारांपासूनचा.

पहिल्या परीक्षेत आक्का नापास झाली. फोर्कलिफ्टची वळायची चाकं मागं असतात, त्यामुळं गाडी वळवली की तिचं बूड आधी फिरतं. ट्रॅक्टरची सवय असलेल्या आक्कानं वळताना मागचा रिकामा ड्रम उडवला. परीक्षा घेणाऱ्यानं उतरायला सांगितलं. घरी आली ती थेट ट्रॅक्टरवर जाऊन बसली आणि अंगणात रिव्हर्समध्ये चालवू लागली. पुन्हा पुन्हा, शेवंतीच्या वाफ्याला वळसा घालून. मी विचारलं, “हे काय?” म्हणाली, “उलटा चालवला की ह्याचीबी वळायची चाकं मागंच येत्यात. बघ तू.” तिची ती युक्ती मला तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली. हातात सर्टिफिकेट आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पॅकिंगच्या टेबलावर. कंपनीत ऑपरेटरच्या जागेसाठी आतल्या आत परीक्षा होत असे, पण कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला तिला बसता येत नसे. एचआरच्या साहेबांनी तसं सांगितलं. आक्का म्हणाली, “बरं.” आणि दर सोमवारी शिफ्टच्या आधी त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहू लागली. आत बोलावलं तर तोच प्रश्न, नाही बोलावलं तर नमस्कार करून परत टेबलावर. भांडण नाही, आरडाओरडा नाही. साहेब नंतर नंतर दुसऱ्या जिन्यानं येऊ लागले.

मग ती दिवाळीच्या आधीची सकाळ आली. त्या काळात मालाची मागणी एवढी असते की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. एक फोर्कलिफ्ट ऑपरेटर तापानं पडलेला, दुसऱ्याच्या घरी मयत झाली होती. ट्रकांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. डिस्पॅचचे इनचार्ज घामाघूम होऊन पॅकिंग हॉलमध्ये आले. मी तेव्हा माझ्या मशीनपाशीच होतो, सगळं समोर घडलं.

“मावशी,” ते आक्काला म्हणाले, “तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे ना? चालवता का आज?”

आक्कानं हातातलं ब्लेड खाली ठेवलं. “चालवते की. पन आजच्यापुरती न्हाई.”

“म्हणजे?”

“आज गाडी चालवायची आन् उद्या परत इथं बसायचं, त्याच हजेरीवर... तसं न्हाई जमणार, साहेब. मला परीक्षेला बसवा. पास झाले तर ऑपरेटर म्हणून घ्या. नापास झाले तर मी आपली टेबलावर बरी.”

“अहो, बाहेर ट्रक थांबलेत!”

“मीबी थांबलेच हाय की,” आक्का म्हणाली, आणि तिनं पुन्हा ब्लेड उचललं.

हॉलमध्ये सगळ्यांचे हात थांबले होते. इनचार्ज वर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले. तासाभरानं एचआरचे साहेब स्वतः आले, आणि आले ते आमच्याच जिन्यानं. त्यांनी परीक्षेचं कबूल केलं. पण आक्का अजून जागची उठेना.  मिळालंय ते घे आणि ऊठ, असं मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. म्हणाली, “परीक्षा माझ्या एकटीची नको. बोर्डावर लावा. कॉन्ट्रॅक्टवरचा जो शिकून येईल, बाई असू दे का बाप्या, त्याला बसता यायला पायजे.” साहेब चिडले. म्हणाले, तुम्ही अडवणूक करताय. आक्का शांतपणे म्हणाली, “व्हय. तुम्ही किती वर्षं केली.”

दुपारी बोर्डावर नोटीस लागली. ती वाचून मगच आक्का उठली, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि शेडकडे गेली. पहिली पॅलेट तिनं इतकी हळू उचलली की ट्रकड्रायव्हर वैतागले. संध्याकाळपर्यंत रांग संपली. पुढच्या आठवड्यात तिची रीतसर परीक्षा झाली, आणि आमच्या कंपनीत पहिल्यांदा एक बाई फोर्कलिफ्ट ऑपरेटर झाली. तिचा पगार वाढला, कार्ड मात्र कॉन्ट्रॅक्टरचंच राहिलं. मला तिच्या घरात जो बदल आठवतो तो एकच: गुरुवारी दुपारी ती झोपू लागली. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेली कधी पाहिली नव्हती. आणि कंपनीत तिला कुणी मावशी म्हणेना. आधी ‘सुमनताई’ झालं, आणि माझं ऐकून ऐकून पुढं सगळ्यांचीच ‘आक्का’.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं... पण वर चढलेला माणूस वरच राहील याची खात्री कुणी दिलेली नसते. कोरोनाच्या काळात कंपनी बंद पडली. सुरू झाली ती अर्ध्याच मशीनवर. माझी नोकरी गेली आणि आक्काचंही काम गेलं. मी गावाकडे परतलो आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. आक्का रांजणगावातच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. एक दिवस फोनवर बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा एकाच पगारावर आलोय, अगदी पहिल्या दिवसासारखे. आम्ही दोघंही खूप हसलो. हसता हसता ती म्हणाली, “आता बघू आधी कोण वर जातंय.”

मी आधी गेलो. माझ्याकडे कंपनीच्या पटावरचा अनुभव होता, इनचार्ज असल्याची कागदपत्रं होती. साहेबांनी ती चाळली आणि वर्षाच्या आत मी हेल्परचा टेक्निशियन झालो. दोघंही एकाच उंचीवरून पडलो होतो म्हणा, पण माझ्यासाठी खाली जाळी होती. आक्काचा अनुभव कॉन्ट्रॅक्टरबरोबर निघून गेला होता. जुनी कंपनी पुन्हा भरात आली, फोर्कलिफ्टला माणसं हवी होती, म्हणून ती तिथं गेली. तर गेटवर कुणी नवाच कॉन्ट्रॅक्टर. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “बाई, आमच्याकडे तुम्ही नवीन. नवीन माणसाला आधी पॅकिंग.”

हा प्रसंग मला तिथल्या संतोषनं, दुसऱ्या पाळीच्या फोर्कलिफ्ट ऑपरेटरनं, इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथं हजर होतो असंच आता वाटतं. आक्का त्या माणसाला म्हणाली, “मी नवीन न्हाई. नवीन तुम्ही हाय. ह्या शेडचं छप्पर गळायचं तवापासून मी इथं हाय.” आणि काही दिवसांनी ती एचआरकडे गेली. या वेळी एकटी गेली नाही. ज्या ज्या बायकांची वर्षं अशी कॉन्ट्रॅक्टर बदलताना पुसली गेली होती, त्यांना तिनं घरोघर जाऊन गोळा केलं होतं. कोण रांजणगावात खोली करून राहणारी, कोण कारेगावची, कोण पार मराठवाड्यातून आलेली. त्यांचं मागणं एकच: कॉन्ट्रॅक्टर कितीही बदलू दे, कंपनीत घालवलेली वर्षं मोजायची, आणि त्यांवर वरच्या कामाची संधी द्यायची. ते काही एका दिवसात झालं नाही. सहा-आठ महिने गेले. दोघी-तिघी मधेच गळाल्या, एकीला त्यासाठीच काढून टाकलं अशी चर्चा होती, आणि आक्काचं त्या दिवसांत घरी कुणाशी धड बोलणं नव्हतं. शेवटी कंपनीनं सगळं मान्य केलं नाही, निम्मं केलं. वर्षं धरायची, पण फक्त याच गेटच्या आतली. त्यावर आक्काला पुन्हा फोर्कलिफ्ट मिळाली, पहिल्या पाळीला. मी म्हणालो, “निम्मंच मिळालं की गं.” ती म्हणाली, “निम्मं मिळालं म्हंजी निम्मंच राह्यलं. राह्यलेलं रेखा आणंल.”

ही रेखा जालन्याकडची. नवऱ्याबरोबर कामासाठी इकडं आली, नवरा परत गेला, ती राहिली. पॅकिंगच्या टेबलावर आक्काच्या जागेवर बसणारी. आक्कानं तिला फोर्कलिफ्ट शिक म्हणून सांगितलं तर ती घाबरून नको म्हणाली. झालं... आक्कानं तिच्याशी बोलणंच टाकलं. मी म्हणालो, असं करू नये, प्रत्येकाला जमत नाही. आक्का म्हणाली, “जमत न्हाई म्हणाली असती तर सोडलं असतं. ती म्हणाली, माझ्या नशिबात न्हाई. ते मी ऐकून घेणार न्हाई.” त्या अबोल्यात चूक आक्काची होती असं माझं आजही मत आहे. शेवटी रेखाच एका गुरुवारी तिच्या दारात येऊन उभी राहिली.

तोवर आक्काच्या पोटात दुखू लागलं होतं. ऑपरेशननंतर तिचं कामावर जाणं थांबलं, पण दर गुरुवारी अंगणात शाळा भरायची. कांद्याचे क्रेट एकावर एक रचून गल्ल्या केलेल्या, आणि रेखा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवत त्या गल्ल्यांतून वळायची. तिच्या मागून आणखी दोघी येऊ लागल्या. आक्का बाजेवर उशीला टेकून बसायची. औषधांनी केस गेले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि आवाज मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. “मागं बघ! बूड फिरतंय! क्रेट काय तुझ्या सासूचा हाय का?” मी एकदा नेमका तेव्हा पोचलो. मला बघून म्हणाली, “आलास? थांब जरा, हिला वळू दे.” मग मी पण बसलो. रेखानं क्रेट पाडला, कांदे अंगणभर झाले, आणि आक्का बाजेवरून उतरायला निघाली तेव्हा तिघी बायका ओरडल्या, “आक्का, बसा तुम्ही!” ती बसली. तिला आज्ञा ऐकताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमची शेवटची भेट त्यानंतर काही दिवसांनी झाली. बोलताना तिला धाप लागत होती. मी घरचं काही बोलावं म्हणून आईची आठवण काढली, गावातल्या जुन्या गोष्टी काढल्या. तिनं थोडं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सुभाष, तुझ्या हाताखाली किती माणसं हायत?” मी सांगितलं. “त्यात कॉन्ट्रॅक्टवरची?” तेही सांगितलं. “त्यातलं कोण वर जाईल?” मी तिचं पांघरूण नीट करू लागलो. ती चिडली नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तुला कुणीतरी हाक मारली व्हती, आठवतं ना? पाना धर म्हणून. तेवढंच लागतं रे. पन एखाद्यालाच नको. हाक सगळ्यांस्नी ऐकू गेली पायजे...” पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. दोन दिवसांनी पूजाचा फोन आला.

कुरकुंभमध्ये मी गेल्या महिन्यात एक गोष्ट सुरू केली आहे. आठवड्यातून एकदा, शिफ्ट संपल्यावर, कॉन्ट्रॅक्टवरच्या हेल्परांना पंप उघडून दाखवतो. ज्याला यायचं तो येतो, नाव विचारत नाही. साहेबांनी परवानगी सहज दिली नाही. मी दर सोमवारी त्यांच्या केबिनबाहेर उभा राहिलो.

आक्काला जाऊन आता दोन महिने होत आले. मागच्या आठवड्यात तिच्या लॉकरमधल्या वस्तू न्यायला मी आणि पूजा रांजणगावला कंपनीत गेलो होतो. पाण्याची बाटली, एक स्वेटर, बूट. डिस्पॅचच्या शेडमध्ये संतोष भेटला. त्याची पाळी सुरू व्हायची होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, तुम्हाला एक सांगू? आक्का बुटक्या. फोर्कलिफ्टची सीट त्या पार पुढं ओढून घ्यायच्या. मी पाळीवर आलो की माझे गुडघे स्टिअरिंगला आपटायचे. रोज. रोज मी कुरकुरायचो. त्या आजारी पडल्या तशी सीट मागंच राहिली. कुणी पुढं ओढायलाच नाही. बसताना एवढं सोपं झालं, आणि...” 

तेवढ्यात पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला. शेवटची पॅलेट ठेवून फोर्कलिफ्ट आमच्यापाशी येऊन थांबली. रेखा उतरली. परीक्षा पास होऊन ती त्याच दिवसापासून पहिल्या पाळीला ऑपरेटर झाली होती. पूजाला बघून तिनं हेल्मेट काढलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. संतोष गाडीत चढला. बसताच त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, खाली वाकून सीट मागं सारली, आणि गाडी चालू केली.